शिंद्यांची बोट आणि वालचंद शेठ

आमच्या गावापासून वर्धा नदी जवळच आहे. पूल होण्यापूर्वी पलीकडच्या काठाला जायला डोंगा हेच एक साधन होते. बाजाराला निघालेली माणसे, माहेरी चाललेल्या लेकी, कधी एखादी शेळी, सारे त्याच डोंग्यातून पार होत. मग पूल झाला आणि डोंगा काठावर उपडा पडला. दोन-तीन पावसाळे त्याने तसेच काढले आणि एके दिवशी त्याच्या फळ्या निघाल्या. त्यांपैकी दोन फळ्या आजही आमच्या कोठ्यातल्या गव्हाणीला आहेत. बैलांपुढे कडबा टाकताना आजोबा हमखास सांगतात की तुझी आजी लग्नानंतर याच फळ्यांवर बसून या गावात आली.

नदीवरच्या डोंग्याची जी गत होते, तीच समुद्रावरच्या मोठ्या प्रवासी बोटींचीही होते. काही बोटी तुफानात जातात, काही युद्धात बुडतात. ज्या तरतात त्या म्हाताऱ्या होऊन भंगारात निघतात. पण एक म्हातारी बोट अशी होती की जिची चाकरी संपली असे सर्वांना वाटत असताना एका सोलापूरकराने तिला विकत घेतले आणि तिच्यामुळे भारताच्या जहाजधंद्याचा इतिहास बदलला. त्या सोलापूरकराचे नाव शेठ वालचंद हिराचंद दोशी. समुद्र कधी न पाहिलेल्या माझ्यासारख्या मुलीला या माणसाच्या चरित्राची ओढ का लागली, हे वाचकांना शेवटी उमगेल अशी आशा आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन. परंतु व्यापारानिमित्त महाराष्ट्रात येऊन ते येथलेच होऊन गेले. वडील हिराचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार. सोलापुरात शालेय शिक्षण आटोपून वालचंद कॉलेजसाठी आधी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. मात्र पदवी काही त्यांच्या हाती लागली नाही. शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या व्यवसायात शिरले. ज्याला पदवी मिळाली नाही त्याच्या नावाने आज सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि सोलापुरातही महाविद्यालय आहे, हा योग विलक्षण खरा. पण म्हणून कॉलेज सोडावे असा अर्थ कोणी काढू नये. त्यांच्या पाठीशी वडिलांची पेढी होती. आपल्यापैकी पुष्कळांच्या पाठीशी फक्त वडिलांचा घाम आहे.

घरच्या व्यापारात वालचंदांचे मन रमले नाही. त्यांना काहीतरी बांधायचे होते, उभे करायचे होते. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरले होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागी केली. एकाजवळ कामाची माहिती, तर दुसऱ्याजवळ पैसा आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका त्यांना मिळाला आणि फाटक-वालचंद हे नाव ठेकेदारांच्या जगात रुजू लागले. पुढे वालचंदांनी मुंबई गाठली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, धरणे, पूल अशी मोठमोठी कामे त्यांच्या हातून झाली. परंतु ही सारी कामे जमिनीवरची होती. समुद्राशी त्यांची गाठ पडली ती अगदी अवचित, आणि तीही आगगाडीत.

१९१९ साल उजाडले होते. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. वालचंद दिल्लीहून मुंबईला परत येत होते. त्या प्रवासात ग्वाल्हेर दरबाराच्या नोकरीतले एक परिचित अधिकारी त्यांना भेटले. बोलता बोलता कळले की ग्वाल्हेरच्या महाराजांची एक बोट मुंबई बंदरात उभी असून ती विकायची आहे. दुसरा कोणी असता तर ‘असेल’ म्हणून खिडकीबाहेर पाहू लागला असता. वालचंदांनी मात्र मुंबईत उतरताच बंदर गाठले आणि बोट पाहून घेतली.

कसली होती ही बोट? तिचे पहिले नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. इंग्लंडमधील बॅरो येथे ती बांधली गेली आणि १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या चाकरीत रुजू झाली. सुमारे साडेचारशे फूट लांबी आणि जवळजवळ सहा हजार टनांचा आकार. शुभ्र रंगाची ही देखणी नौका कॅनडातील व्हँकूवरपासून जपान, चीन आणि हाँगकाँगपर्यंत टपाल व उतारू नेत असे. ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’ या तिच्या दोन बहिणी त्याच मार्गावर होत्या. वीस-बावीस वर्षे अशी गेली. तोवर अधिक मोठ्या आणि अधिक वेगवान बोटी आल्या आणि कालची सम्राज्ञी अडगळीची झाली.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर काही संस्थानिक यांच्या पुढाकाराने ही बोट विकत घेण्यात आली व जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय झाले. तिला नवे नाव मिळाले ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. ही निष्ठा अर्थातच इंग्रज सरकारवरची. युद्ध संपले, जखमी घरी गेले आणि बोट दुसऱ्यांदा बेकार झाली. त्याच वेळी आगगाडीतली ती भेट घडली.

त्या काळी हिंदुस्थानच्या समुद्रावर हिंदुस्थानचे काय होते? बंदरे आपली, माल आपला, उतारू आपले, खलाशीही बहुतेक आपले. पण बोटी आणि भाडे परक्यांचे. ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या दोन बलाढ्य कंपन्या १९१४ मध्ये एक झाल्या होत्या व त्यांची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती होती. एखाद्या देशी व्यापाऱ्याने बोट घातलीच तर या कंपन्या भाडे इतके उतरवीत की त्याचे दिवाळे निघे. दक्षिणेत चिदंबरम पिल्ले यांच्या स्वदेशी जहाज कंपनीची झालेली वाताहत सर्वांसमोर होती. हे सर्व ठाऊक असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेतले व मार्च १९१९ मध्ये नवी कंपनी स्थापन केली. बोट शिंद्यांकडून घेतली म्हणून कंपनीचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ पडले. आपल्या मराठी शिंद्यांचे नाव इंग्रजी वळणाने असे सातासमुद्रापार गेले.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ उतारूंना घेऊन मुंबईहून लंडनला निघाली. खुद्द वालचंद आणि नरोत्तम मोरारजी बोटीवर होते. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींच्या हाकेवरून देशभर हरताळ झाला आणि १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. किनाऱ्यावर देश असा खवळत असताना, इंग्रजनिष्ठेचे नाव ल्यालेली ती जुनी बोट इंग्रज कंपन्यांचीच मिरास मोडायला समुद्रातून चालली होती. इतिहासाला कधी कधी असा विनोद सुचतो.

येथे चरित्रकाराने खरे तेच सांगितले पाहिजे. ‘लॉयल्टी’ने कंपनीला श्रीमंत केले नाही. अठ्ठावीस वर्षांची बोट ती! जुने यंत्र कोळसा खाते अधिक आणि दुरुस्तीला वेळ व पैसा दोन्ही मागते. खाणींच्या आसपास राहणाऱ्या आपल्या भद्रावतीकरांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय प्रवासी वाहतुकीत प्रस्थापित कंपन्यांपुढे एकट्या बोटीचा टिकाव लागणे कठीण होते. तेव्हा सिंदियाने मालवाहू बोटी खरेदी करून आपला मोहरा मालवाहतुकीकडे वळविला. ‘लॉयल्टी’ १९२१ मध्ये बंदरात बांधून ठेवण्यात आली आणि १९२३ मध्ये भंगारात विकली गेली. ज्या मुंबईतून ती स्वदेशीची नौका म्हणून निघाली, त्याच मुंबईत तिचे तुकडे झाले.

बोट मोडणे म्हणजे तरी काय? प्रथम सामानसुमान निघते. खुर्च्या, दारे, पितळी दिवे, घंटा यांना गिऱ्हाईक मिळते. मग पत्रे सुटे होतात, यंत्रे उतरतात आणि लोखंड पुन्हा भट्टीची वाट धरते. ते कुठे दार होते, कुठे गज होते, कुठे नांगराचा फाळ होते, कोण सांगणार? तिच्या दोन्ही बहिणींचेही तेच झाले. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ १९११ मध्येच जपानच्या किनाऱ्यावर खडकात फुटली. ‘एम्प्रेस ऑफ जपान’ १९२६ मध्ये मोडीत निघाली, पण तिच्या नाळेवरचा लाकडी ड्रॅगन व्हँकूवरच्या लोकांनी जपून ठेवला आहे. आपण भारतीयांनी ‘लॉयल्टी’चा एक दिवस जपला. १९६४ पासून दर वर्षी ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जुन्या बोटीचा सौदा फसला म्हणून दुसरा कोणी गप्प बसला असता. वालचंद बसले नाहीत. इंचकेपसाहेबांनी भाड्याची लढाई केली, कंपनीच विकत घेण्याची तयारी दाखविली. सिंदिया विकली गेली नाही. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला आणि त्यात सिंदियाने एकूण पंचाहत्तर हजार टनांपेक्षा अधिक बोटी ठेवू नयेत अशी मर्यादा घातली गेली. आपल्याच समुद्रात आपल्यालाच कुंपण! तरीही कंपनी जगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले. कराराची मुदत संपल्यावर त्यांनी पुन्हा प्रवासी वाहतुकीत पाऊल टाकले आणि हजयात्रेकरूंसाठी ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ या बोटी सुरू केल्या. या दोघींच्या नशिबी म्हातारपणही नव्हते. १९४४ च्या मार्चमध्ये ‘एल मदिना’ बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडविली आणि पुढच्याच महिन्यात मुंबई गोदीतील प्रचंड स्फोटात ‘एल हिंद’ गेली.

दुसऱ्याने वापरून टाकलेली बोट आपल्याला फार दूर नेणार नाही, हे वालचंद ‘लॉयल्टी’पासूनच शिकले असावेत असे मला वाटते. बोटी येथेच बांधल्या पाहिजेत हा त्यांचा ध्यास झाला. सरकारी अडथळे पार करून विशाखापट्टणम येथे जागा मिळाली आणि २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. तरी १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेली आठ हजार टनांची ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. आगगाडीतल्या त्या भेटीला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती.

दरम्यान त्यांनी बंगळूरला विमानांचा, कुर्ल्याला मोटारींचा, तर रावळगाव आणि वालचंदनगर येथे साखरेचा कारखाना काढला. यांपैकी किती त्यांच्यापाशी राहिले? विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने घेतला. जहाजांचा कारखाना १९५२ मध्ये सरकारकडे गेला. १९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंद स्वतः अंथरुणाला खिळले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांपूर्वी ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाला चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. पुढे सिंदिया कंपनीही उतरणीला लागली आणि तिच्या बोटीही एकामागून एक गेल्या. त्यांच्या मोटार कंपनीची ‘पद्मिनी’ मुंबईची टॅक्सी म्हणून अनेक वर्षे धावली. २०२३ मध्ये तिलाही निरोप मिळाला.

मग उरले काय? अर्थशास्त्राचे प्राध्यापक विचारतील की ‘लॉयल्टी’चा सौदा नफ्याचा की तोट्याचा. हिशेबाच्या वहीत तो तोट्याचाच ठरेल. पण त्या बोटीवाचून कंपनी निघाली नसती. कंपनीवाचून विशाखापट्टणमचा कारखाना झाला नसता. आणि तो कारखाना आजही बोटी बांधतो व दुरुस्त करतो. वालचंदांचे मोठेपण मला दोन गोष्टींत दिसते. जे जुने हाती लागले त्याची लाज न धरता त्यांनी सुरुवात केली, आणि त्याचे काम संपले तेव्हा त्याला कवटाळून न बसता ते पुढे गेले.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. माझी पुस्तके दुसऱ्याने वापरलेली आहेत. कुणाच्या तरी खुणा, कुणाचे तरी नाव त्यांवर असते. पहिल्या वर्षी ती पुस्तके वर्गात उघडताना मला संकोच वाटायचा. आता वाटत नाही. वर्ष संपले की ती मी मागून येणाऱ्या कुणाला तरी देणार आहे.

परवा कोठ्यात आजोबांना मी ‘लॉयल्टी’ची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गव्हाणीच्या फळीवर हात ठेवून त्यांनी एवढेच विचारले, की त्या एवढ्या मोठ्या बोटीच्या फळ्या कुणी नेल्या असतील?