डॉ. भाऊ दाजी लाड

झाडपाल्याच्या औषधांवर विश्वास ठेवणारे आमच्या अंधेरी-बोरिवलीकडे घरोघरीं आढळतात. त्यांची परीक्षा पाहणारे विरळा. अशा विरळ पुरुषांपैकीं डॉ. भाऊ दाजी लाड हे होत. गोमंतकांतील मांद्रें येथें १८२२ सालीं जन्मलेले भाऊ १८५१ सालीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झाले. पाश्चात्य वैद्यक शिकूनहि त्यांनीं देशी वनस्पती तुच्छ लेखिल्या नाहींत. कडू कवठाच्या बियांचें तेल कुष्ठरोग्यांस देऊन त्यांनीं त्याचा गुण पाहिला. परंतु हा उपाय त्यांनीं गुप्त ठेविला, आणि १८७४ सालीं ते निवर्तले. पुढें १९४० नंतर डॅप्सोन येईपर्यंत याच जातीच्या तेलावर वैद्यांची भिस्त होती. विद्यार्थ्यांनो, गुण पारखावा, पण तो लिहून सर्वांस सांगावाहि, असें आम्हांस वाटतें.