नाईक यशवंत घाडगे

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–१९४५) लक्षावधी भारतीय जवान परदेशांतील रणभूमींवर लढले. त्यांतील अनेकांच्या नावांची नोंद केवळ स्मारकशिलांवर उरली. कोकणातील अशाच एका तरुण जवानाच्या शौर्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंब्रेचीवाडी येथे झाला. कोकणातील शेती पावसावर अवलंबून आणि जमीन थोडी. त्यामुळे घरातील एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत, तर एखादा पलटणीत, ही तेथील कुटुंबांची जुनी रीत होती. यशवंत यांनी पलटणीची वाट धरली आणि ते ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत दाखल झाले.

या रेजिमेंटला मोठा इतिहास होता. तिची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात उभी राहिली. १९२२ च्या पुनर्रचनेत निरनिराळ्या मराठा पलटणी एकत्र आणण्यात आल्या. बेळगाव हे या रेजिमेंटचे केंद्र झाले आणि ते आजही तेथेच आहे. यशवंत यांची पलटण पूर्वी ‘११० वी मराठा’ म्हणून ओळखली जात असे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथील दीर्घ वेढ्याचे हाल तिने सोसले होते. १९४१ मध्ये आफ्रिकेतील केरनच्या डोंगराळ लढाईतही ती लढली होती.

भारत त्या वेळी पारतंत्र्यात होता. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रज सरकारने भारतीय नेत्यांना न विचारताच देशाला युद्धात ओढले. १९४२ साली देशभर ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले. एकीकडे देशबांधव तुरुंगात जात होते, तर दुसरीकडे भारतीय जवान इंग्रजांच्या बाजूने जर्मनी, इटली व जपान यांच्याविरुद्ध लढत होते. सक्तीची भरती नसतानाही युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली. यशवंत घाडगे हे त्यांपैकीच एक होते.

जून १९४४ मध्ये रोम शहर दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु माघार घेतानाही प्रत्येक टेकडी ते चिवटपणे लढवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटण दहाव्या भारतीय डिव्हिजनमधून पुढे सरकत होती.

१० जुलै १९४४ रोजी पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढविला. नाईक यशवंत घाडगे एका लहान तुकडीचे नायक होते. अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि क्षणार्धात त्यांचे सर्व सहकारी ठार वा जखमी झाले. केवळ घाडगे उभे राहिले. मागे फिरणे त्यांना शक्य होते. मात्र ते एकटेच मशिनगनच्या दिशेने धावले. त्यांनी हातबॉम्ब टाकून ती मशिनगन व ती चालविणारा सैनिक यांना निकामी केले. आपल्या टॉमीगनने त्यांनी आणखी एकास टिपले. आता दोन शत्रुसैनिक उरले होते. बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास अवधी नव्हता. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या तडाख्यांनी त्या दोघांनाही लोळविले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर जाहीर झाला. त्यांची समाधी मात्र कोठेही नाही. ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा लागला नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव त्यांमध्येच आहे.

इटलीच्या युद्धात पाच हजारांहून अधिक भारतीय जवानांनी प्राण वेचले. तेथील लढायांत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळविले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी हा सन्मान मिळविला.

माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोन्टोने या गावीही त्यांचे स्मारक उभारण्यात आले. ते सूर्यघड्याळाच्या रूपातील आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, हा त्यामागील भाव आहे. ज्या साम्राज्यासाठी ते युद्ध लढले गेले, ते लयाला गेले. ज्या इटलीविरुद्ध युद्ध पुकारले होते, तो देश मित्र झाला. परंतु जवळचे सारे सोबती पडल्यावरही पाऊल मागे न घेणाऱ्या एका शेतकरीप्रदेशातील तरुणाचे धैर्य दोन्ही देशांच्या स्मरणात राहिले आहे.

स्वाध्याय

१. कोकणातील तरुण सैन्यात का जात असत?
२. १० जुलै १९४४ च्या प्रसंगाचे वर्णन आपल्या शब्दांत लिहा.
३. पारतंत्र्यातील देशाच्या जवानाने परक्या सत्तेच्या युद्धात गाजविलेल्या शौर्याकडे आपण कसे पाहावे? आपले मत लिहा.