त्रिकोणांचे गणित मांडणारे रिचर्ड कूरांट

लुब्लिनिट्झ (आता पोलंडमध्ये) येथे १८८८ साली जन्मलेले रिचर्ड कूरांट हे गटिंगेनचे नामवंत गणितज्ञ. पहिल्या महायुद्धात ते जर्मनीसाठी लढताना जखमी झाले. तरीही ज्यू म्हणून १९३३ मध्ये नाझींनी त्यांना पदावरून दूर केले. केंब्रिजमार्गे ते न्यूयॉर्कला गेले.

१९४३ साली छापलेल्या व्याख्यानाच्या छोट्याशा परिशिष्टात त्यांनी पोकळ चौकोनी दांड्याचा छेद त्रिकोणांत विभागून, पीळ दिल्यावरचा त्याचा ताठरपणा काढून दाखविला. संगणक नसल्याने अभियंत्यांचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. १९५६ मध्ये विमानाच्या पंखांसाठी त्यांनी हीच वाट स्वतंत्रपणे शोधली. १९६० मध्ये रे क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. मोटारीचा पत्रा कुठे चेपेल, कुठे फाटेल, हे आता संगणक आधीच सांगतो.

कूरांट १९७२ मध्ये निवर्तले.