वामन पंडित : ईश्वरी ऐश्वर्य आणि वचनविरोध

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील चौथ्या श्लोकात सर्व भूते आपल्या ठायी असल्याचे श्रीकृष्ण सांगतो. लगेच पाचव्या श्लोकात ती आपल्या ठायी नाहीत असे म्हणून तो अर्जुनाला आपला ऐश्वर्ययोग पाहावयास सांगतो. असा वचनविरोध टीकाकाराला बुद्धीचे कौशल्य दाखविण्यास पुरेसा असतो. सतराव्या शतकातील वामन पंडितांना मात्र तो आयुष्यभर पुरला.

परंपरा त्यांना मूळचे विजापूरकडील मानते. काशीस शास्त्राध्ययन करून त्यांनी वादसभा जिंकल्या. वादात वचन हे शस्त्रच असते. निर्गुणपर श्रुती हाती असलेल्याने सगुणपर श्रुती गौण ठरवावी, प्रतिपक्षाने नेमके उलट करावे. यातून जयपत्र मिळते. समाधान मिळेलच असे नाही. वामनांना ते मिळाले नाही. विद्येच्या ऐन वैभवात खिन्न होऊन ते मलयाचलाकडे गेले आणि तेथे सच्चिदानंद यतींनी त्यांच्यावर अनुग्रह केला, असे चरित्रपरंपरा सांगते. शके १५९५ (इ. स. १६७३) मधील 'निगमसार' हा वेदान्तपर ग्रंथ त्यानंतरचा.

'यथार्थदीपिका' ही त्यांची गीताटीका सुमारे बावीस हजार ओव्यांची आहे. तिचे नाव 'भावार्थदीपिके'समोर मुद्दाम उभे केलेले दिसते. उपर्युक्त श्लोकांवर ज्ञानेश्वर कल्पना दूर सारून पाहावयास सांगतात. मग सर्व तोच असल्याने भूते त्याच्या ठायी आहेत हे म्हणणेही उरत नाही. ही उकल अपूर्व आहे, पण ती भावाची. मूळ शब्दाला धरून अर्थ लागला पाहिजे हा वामनांचा आग्रह. निर्गुणाचे ज्ञान झाले म्हणून सगुणाची भक्ती टाकावयाची, हे त्यांना मान्य नव्हते. ज्ञानोत्तर भक्ती हा त्यांच्या प्रतिपादनाचा कणाच आहे. या आग्रहापायी टीका पाल्हाळिक आणि कित्येक ठिकाणी रुक्ष झाली, हे नाकारता येत नाही. ज्ञानेश्वरीचे वाचक तिच्याकडे वळले नाहीत, यात नवल नाही.

रुक्षतेचा हा आरोप त्यांच्या आख्यानकाव्यांवर कोणी करणार नाही. 'वनसुधा', 'वेणुसुधा' यांतील कृष्णलीला, भर्तृहरीच्या शतकांची भाषांतरे आणि 'यमक्या वामन' हे नाव मिळवून देणारा शब्दांचा सोस पाहिला, की हा कवी टीकाकाराहून निराळाच वाटू लागतो. अभ्यासकांना तसे वाटलेही. एकाच नावाखाली दोन, क्वचित त्याहून अधिक वामन असावेत, असा वाद मराठी संशोधनात दीर्घकाळ चालला. गीतेतील दोन विरुद्ध वचनांचा वक्ता एकच मानून ज्यांनी अर्थ लावला, त्यांच्याच ग्रंथांतील विरोध मात्र कर्ते वेगळे कल्पून मिटविण्यात आला. भाषाभेदाची कारणे तपासावीत हे खरे; परंतु निर्गुणाचा निश्चय झाल्यावरही सगुणाचे सौंदर्य न सोडणे हा त्यांचा सिद्धान्तच होता, हे या वादात पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही. गोकुळातील वेणू हा त्या सिद्धान्ताचा विस्तार आहे, अपवाद नव्हे.

त्यांचे निर्याण परंपरेने इ. स. १६९५ मधील मानले जाते. भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकवरून साताऱ्याकडे जाणारा रस्ता खंबाटकी घाट ओलांडतो आणि पुढे सुरूरपाशी वाईला फाटा फुटतो. त्या वाईजवळ, कृष्णेच्या खोऱ्यातील भोगाव येथे, त्यांची समाधी आहे.