साधने आणि संकोच

१९२१ साली मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा या विषयाचा उच्चारही असभ्य समजला जात होता. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी अण्णासाहेबांचे चिरंजीव. केंद्रात ते साधनांची माहिती देत आणि साधनेही पुरवीत. या कार्यापायी त्यांना महाविद्यालयातील नोकरीवर पाणी सोडावे लागले. संसाराचा भार पत्नी मालतीबाईंनी उचलला. उभयतांनी विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. मूल केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे आणि ज्ञानावाचून तो पोकळ ठरतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

पुढे कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण झाले. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष-नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नव्हते. तांबी, गोळ्या, निरोध यांतून निवड करताना तरुण दांपत्यांना अजूनही पुष्कळदा ऐकीव भीतीच सल्ला देते. ज्या महाविद्यालयीन जगाने रघुनाथरावांना दूर लोटले, त्यानेच हे ज्ञान विद्यार्थ्यांना निःसंकोचपणे द्यावे. जुन्या ऋणाची ती उशिरा झालेली फेड ठरेल.