डॉ. भाऊ दाजी लाड

आज आपल्या देशात एखाद्या मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की घरादाराला आनंद होतो. शेजारीपाजारी कौतुक करतात. पण सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी परिस्थिती अगदी निराळी होती. पाश्चात्त्य वैद्यक शिकायचे म्हणजे शवविच्छेदन करावे लागे, मृत शरीराला स्पर्श करावा लागे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा मोठा विटाळ होता. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८३६ साली हिंदू विद्यार्थ्यांनी प्रथम शवविच्छेदन केले, तेव्हा समाजात मोठी खळबळ उडाली होती. अशा काळात, हाती असलेली शिक्षकाची नोकरी सोडून एक तरुण मुंबईच्या नव्याने उघडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. पुढे हाच तरुण निष्णात वैद्य, प्राचीन इतिहासाचा संशोधक आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा एक आधारस्तंभ म्हणून ओळखला गेला. त्याचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यातील पेडणे भागात असलेल्या मांद्रे या गावी झाला. घरी त्यांना भाऊ म्हणत. वडील दाजी या नावाने ओळखले जात. त्यामुळे लोकांच्या तोंडी भाऊ दाजी हेच नाव रूढ झाले. घरची परिस्थिती बेताची होती. उपजीविकेसाठी हे कुटुंब मुंबईस आले. लहानपणी भाऊ बुद्धिबळात फार तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात त्यांच्याविषयी कौतुक निर्माण झाले आणि त्याने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे असे वडिलांना सुचवले. वडिलांनी तो सल्ला मानला. भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन या त्या वेळच्या नामवंत विद्यालयात दाखल झाले. शिक्षण पूर्ण होताच त्याच संस्थेत रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या विषयांचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

याच सुमारास सरकारने एका निबंधस्पर्धेची घोषणा केली. कच्छ आणि काठेवाड या प्रदेशांतील काही घराण्यांत मुलगी जन्माला येताच तिचा जीव घेण्याची क्रूर चाल होती. या चालीची कारणे कोणती आणि ती बंद कशी पाडता येईल, हा निबंधाचा विषय होता. भाऊ दाजींनी हा निबंध लिहिला आणि त्यांना ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. १८४७ मध्ये हा निबंध छापून प्रसिद्ध झाला. एखाद्या दुष्ट रूढीचा केवळ धिक्कार करून न थांबता तिच्या मुळाशी जायचे, ही भाऊ दाजींची वृत्ती या पहिल्याच लेखनात दिसून येते. पुढे रोग असो, शिलालेख असो वा समाजातील अन्याय असो, त्यांनी प्रत्येक प्रश्नाकडे याच वृत्तीने पाहिले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. सर रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नरांच्या स्मरणार्थ हे महाविद्यालय उभारण्यात आले होते. शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. भाऊ दाजींनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांच्या आसपास होते. पगाराची नोकरी आणि समाजात शिक्षक म्हणून असलेला मान, दोन्ही त्यांच्यापाशी होते. ज्याने कालपर्यंत वर्गात उभे राहून शिकवले, त्याने आज पुन्हा बाकावर बसायचे, हे सोपे नव्हते. शिवाय हा अभ्यासक्रम नवा होता. तो पूर्ण करून बाहेर पडलेला एकही माणूस मुंबईत अजून नव्हता. लोक नव्या डॉक्टरांकडे औषधासाठी येतील की नाही, याचीही खात्री देता येत नव्हती. तरीही भाऊ दाजींनी हा मार्ग पत्करला. शिकण्याचे एक वय असते आणि ते उलटले की शिकण्याचे दार बंद होते, असे त्यांनी मानले नाही.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे कडक शिस्तीचे शिक्षक होते. ग्रंथात वाचलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून पारखून घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. भाऊ दाजींच्या चिकित्सक बुद्धीला ही पद्धत मानवली. १८५१ मध्ये महाविद्यालयाची पहिली तुकडी परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. त्या तुकडीत अवघे आठ जण होते. भाऊ दाजी त्यांपैकी एक. पुढे प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्यांचे सहाध्यायी होते.

पदवी मिळाल्यावर भाऊ दाजींनी मुंबईतच स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. थोड्याच दिवसांत त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती पसरली. श्रीमंत व्यापारी आणि संस्थानिक त्यांच्याकडे येऊ लागले. पैसाही पुष्कळ मिळू लागला. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही याच महाविद्यालयातून शिकून डॉक्टर झाले होते. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. ज्यांच्यापाशी औषधाला पैसे नव्हते, त्यांना तेथे विनामूल्य उपचार मिळत.

त्या काळी कुष्ठरोग हा असाध्य आणि शापासारखा मानला जाई. रोग्याला घरातून व गावातून बाहेर काढीत. भाऊ दाजींनी या उपेक्षित रुग्णांकडे लक्ष वळवले. संस्कृत वैद्यकग्रंथांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. त्या ग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पती मिळवून त्यांचे गुण ते स्वतः पडताळून पाहत. जुने आहे म्हणून ते खरेच असेल असे त्यांनी गृहीत धरले नाही आणि जुने आहे म्हणून ते टाकाऊ असेल असेही मानले नाही. कडू कवठ या झाडाच्या बियांच्या तेलाचा उपयोग त्यांनी कुष्ठरोगावर करून पाहिला. प्रयोग पूर्ण होईपर्यंत औषधाची घटना जाहीर करायची नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, हा शोध नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली लावला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, नवी गुणकारी औषधे हाती येईतोवर, या जातीच्या झाडांच्या बियांचे तेलच कुष्ठरोगावरील प्रमुख औषध म्हणून जगभर वापरले जात होते. आज योग्य औषधांनी हा रोग पूर्णपणे बरा होतो. या रुग्णांना झिडकारण्याऐवजी त्यांच्यावर शास्त्रशुद्ध उपचार करू पाहणाऱ्या पहिल्या काही भारतीय डॉक्टरांत भाऊ दाजींची गणना करावी लागते.

वैद्यकीय व्यवसाय सांभाळून भाऊ दाजींनी प्राचीन भारताच्या इतिहासाचे जे संशोधन केले, ते पाहून मन थक्क होते. जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते आणि शिलालेख यांचा त्यांनी मोठा संग्रह केला. गिरनार येथील शिलालेखांचा त्यांनी अभ्यास केला. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवरील त्यांचा निबंध १८६३ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वाचला गेला. प्राचीन गणिती आर्यभट याच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथांविषयी त्या काळी मोठा गोंधळ होता. भाऊ दाजींनी दुर्मिळ हस्तलिखिते मिळवून त्यांतील मजकूर तपासला आणि या नावाचे दोन वेगवेगळे ग्रंथकार होऊन गेले, हे दाखवून दिले. थोरल्या आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६ मधला हे त्याच्याच ग्रंथातील उल्लेखावरून ठरते. ही गोष्ट भाऊ दाजींच्या १८६५ च्या लेखामुळे अभ्यासकांपुढे स्पष्टपणे आली. त्यांची सगळीच मते टिकली असे मात्र नाही. कवी कालिदास आणि काश्मीरचा राजा मातृगुप्त हे एकच असावेत, हे त्यांचे मत पुढील संशोधकांनी स्वीकारले नाही. संशोधनाच्या क्षेत्रात असे घडायचेच. पुरावा मांडून मत सांगितले, की ते चूक ठरले तरी पुढच्या अभ्यासकाला वाट दाखवून जाते.

या कामात त्यांना भगवानलाल इंद्रजी या जुनागढच्या तरुणाची मोलाची साथ लाभली. भगवानलाल यांचे शिक्षण इंग्रजी विद्यालयात झालेले नव्हते. परंतु गिरनारच्या शिलालेखावरील प्राचीन लिपी त्यांनी चिकाटीने आत्मसात केली होती. भाऊ दाजींनी हे गुण ओळखले, त्यांना मुंबईस बोलावून घेतले आणि स्वतःच्या खर्चाने देशाच्या निरनिराळ्या भागांत शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी पाठवले. हेच भगवानलाल पुढे थोर पुरातत्त्ववेत्ते झाले. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली. ज्याच्यापाशी पदवी नाही त्याच्यापाशीही विद्या असू शकते, हे एका पदवीधराने ओळखले, म्हणून देशाला एक मोठा संशोधक लाभला.

मुंबईच्या सार्वजनिक जीवनात भाऊ दाजी अगदी तरुणपणापासून पुढे होते. १८५२ मध्ये नाना शंकरशेट आदी मंडळींनी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन केली. भाऊ दाजी तिचे एक चिटणीस होते. पदवी मिळून त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. हिंदी लोकांना राज्यकारभारात वाटा मिळावा, अशी मागणी करणारा अर्ज या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले हिंदी अध्यक्ष झाले. त्यांच्या चाहत्यांनी निधी जमवून त्यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. तरुणपणी ज्यांनी मुलींच्या हत्येविरुद्ध लेखणी उचलली, त्यांचे नाव मुलींच्या शाळेला मिळावे, हे किती उचित होते! १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्येही त्यांचा समावेश होता.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी १८६२ साली लागली. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने एका धर्मगुरूच्या वर्तनावर आपल्या पत्रातून टीका केली. धर्मगुरूने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. हा खटला त्या काळी फार गाजला. भाऊ दाजींनी वैद्य या नात्याने जे पाहिले होते, ते न्यायालयात साक्ष देऊन सांगितले. रुग्णाची गोष्ट डॉक्टरने उघड करू नये, हा वैद्यकाचा दंडक आहे. दुसरीकडे न्यायासनापुढे सत्य सांगणे हेही कर्तव्य आहे. हा पेच अवघड होता. शिवाय त्या धर्मगुरूचे अनुयायी असलेले धनिक व्यापारी दुखावले, तर व्यवसायाची हानी होणार होती. भाऊ दाजींनी साक्ष दिली. खटल्याचा निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला. आजचा वाचक या पेचाविषयी वेगळे मत देऊ शकेल. पण स्वतःच्या लाभहानीचा हिशेब भाऊ दाजींनी त्या वेळी बाजूला ठेवला, हे मान्य करावेच लागते.

१८६५ साली मुंबईवर मोठे आर्थिक संकट आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते आणि लोकांनी शेअरच्या व्यवहारात अमाप पैसा गुंतवला होता. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक धनाढ्य माणसे रस्त्यावर आली. भाऊ दाजींच्या संपत्तीलाही या संकटाची मोठी झळ बसली. तरीही त्यांचा व्यासंग आणि लोककार्य थांबले नाही. १८६९ आणि १८७१ असे दोनदा त्यांना मुंबईचे शेरीफ होण्याचा मान मिळाला. मुंबईत एक उत्तम वस्तुसंग्रहालय असावे म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली होती. राणीच्या बागेतील हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. अखेरच्या दिवसांत पक्षाघाताने त्यांचे शरीर दुबळे झाले. मे १८७४ मध्ये त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्या आसपासच होते. पुढे १९७५ साली भायखळ्याच्या त्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

भाऊ दाजींना आयुष्य फार मोठे लाभले नाही, पण त्यांनी ते शिकण्यात आणि शिकलेले वाटून देण्यात वेचले. पदवी त्यांना वयाच्या तिशीच्या आसपास मिळाली. तोपर्यंत ते शिक्षक होते, निबंधकार होते आणि पुन्हा विद्यार्थीही झाले होते. पदवीनंतरही त्यांचे शिकणे चालूच राहिले. रुग्णाच्या नाडीवर ठेवलेले बोट आणि शिलालेखाच्या झिजलेल्या अक्षरावर ठेवलेले बोट, दोन्ही एकाच जिज्ञासेने सत्य शोधीत होती. ज्याला काही कळले आहे, त्याच्यावर न कळलेल्यांचे ऋण असते. हे ऋण भाऊ दाजींनी दवाखान्यात, शाळेत, सभेत आणि न्यायालयात, जेथे जेथे संधी मिळाली तेथे तेथे फेडले. उशिरा का होईना, हाती पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे जीवन धीर देते.