खांबाआडचा भाऊ

इंदूरला सुदामा नगरात आमच्या बैठकीत भावंडांचा एक जुना फोटो आहे. ज्या भावाने तो काढला तो अर्थातच त्यात नाही. त्याकडे पाहिले म्हणजे आम्हाला इंग्लंडातील एका पाळकाच्या मुलाची आठवण होते. त्याने बहिणींबरोबर स्वतःलाही रंगविले होते. मग स्वतःला तेवढे झाकून टाकले.

त्याचे नाव ब्रॅनवेल ब्राँटे. जन्म २६ जून १८१७. वडील पॅट्रिक ब्राँटे हे यॉर्कशायरमधील हॉवर्थचे पाळक. गरीब आयरिश घरातून ते केंब्रिजला शिकावयास आले, तेव्हा त्यांना मदत मिळावी म्हणून १८०४ साली हेन्री मार्टिन यांनी विल्बरफोर्स यांना पत्र घातले. हेच मार्टिन पुढे हिंदुस्थानात आले व त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. तेव्हा हे घर आपणांस अगदीच परके नाही.

१८२१ मध्ये आई गेली. १८२५ मध्ये दोघी थोरल्या बहिणी. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन ही चौघे मावशीच्या हाताखाली वाढली. ब्रॅनवेल एकुलता मुलगा. वडिलांनी त्याला घरीच लॅटिन व ग्रीक शिकविले, चित्रकलेसाठी शिक्षक लावला. घराच्या साऱ्या आशा त्याच्यावर.

१८३४ च्या सुमारास त्याने ते चित्र काढले. डावीकडे ॲन व एमिली, उजवीकडे शार्लट आणि मध्ये तो स्वतः. पुढे त्याने आपल्या जागी एक खांब रंगविला. चित्र काही फार उत्तम नाही, चेहरे ताठ आहेत. पण तिघी बहिणी एकत्र दिसतात त्या त्यातच.

त्यानंतरची हकीकत दुःखाची आहे. ब्रॅडफर्डला चित्रशाळा काढली, ती चालली नाही. रेल्वेत कारकुनी मिळाली. हिशेबात पैसे कमी आले म्हणून १८४२ मध्ये तीही गेली. १८४५ मध्ये शिकवणीची नोकरी सुटली आणि तो दारू व अफूच्या पुरता आहारी गेला. १८४७ मध्ये बहिणींच्या कादंबऱ्या टोपणनावांनी छापल्या गेल्या; त्याच्या मनाला लागेल म्हणून त्यांनी त्याला ते सांगितले नाही. म्हातारे वडील, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, रात्री त्याला आपल्याच खोलीत निजवीत. रविवारी मंडळीपुढे उभे राहणाऱ्या त्या बापाच्या रात्री कशा गेल्या असतील, हे पाळकांच्या घरची माणसे जाणतील.

२४ सप्टेंबर १८४८, रविवार. वडील त्याच्या खाटेशी प्रार्थना करीत होते. अखेरीस तोही आमेन म्हणाला. वय ३१. त्याच डिसेंबरात एमिली गेली, पुढच्या मे महिन्यात ॲन, १८५५ मध्ये शार्लट. वडील १८६१ पर्यंत जगले.

शार्लटच्या पतीने ते चित्र आयर्लंडला नेले. १९१४ मध्ये ते एका कपाटावर घडी घातलेले सापडले. आता ते लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. घड्यांच्या रेघा अजून दिसतात. जुना तैलरंग काळाने पारदर्शक होत जातो. त्यामुळे खांबातून आता एका तरुणाची आकृती अंधुकशी वर आली आहे, दोन्ही बाजूंना बहिणी असलेली.